आंब्याच्या पेटीत एमओएफची पुडी: कशासाठी चालेल, कशासाठी नाही

प्रश्न असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला एका विक्रेत्याने ‘नोबेलवाली पावडर’, म्हणजे एमओएफ, देऊ केली आहे. पाच ग्रॅमची पुडी पेटीत ठेवायची, ती आंब्यातून निघणारा आणि त्याला पिकवणारा इथिलीन वायू ओढून घेईल आणि हापूस आठ-दहा दिवस जास्त टिकेल, असा दावा. सोबत एक माहितीपत्रक, त्यावर आलेख. संचालकांनी विचारलंय की, हे पदार्थ कारखान्यांत वायू वेगळे करायला वापरतात हे खरं का? आणि खरं असेल, तर पेटीत का चालू नयेत? द्राक्षांबद्दलही त्यांनी विचारलंय.

आधी निकाल सांगतो. पदार्थ खरे आहेत, नोबेल खरं आहे, वायू वेगळे करण्याचा उपयोगही खरा आहे. पण इथिलीन ओढून घेण्यासाठी म्हणून ही पुडी घेत असाल, तर घेऊ नका. या पदार्थांचा फळांसाठी जो उपयोग बाजारात येऊ शकला, तो नेमका उलट दिशेचा होता. बाहेरचा वायू आत घेण्याचा नव्हे, तर आत भरून ठेवलेला वायू हवा तेव्हा बाहेर सोडण्याचा. असं का, ते हिशेब केल्याशिवाय पटणार नाही. माझं काम आयुष्यभर वायूंच्या अधिशोषणाचं, म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायू धरून ठेवण्याचं. आधी पेट्रोकेमिकलच्या बाजूने, नंतर शीतगृहांच्या. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

एमओएफ म्हणजे धातू-सेंद्रिय जाळीचे स्फटिक. कोपऱ्यांवर धातूचे अणू किंवा त्यांचे छोटे गट, दोन कोपऱ्यांच्या मधे दांडी म्हणून एखादा सेंद्रिय रेणू, आणि बाकी सगळी जागा रिकामी. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉब्सन यांनी १९८९ मध्ये तांब्याच्या आयनांपासून हिऱ्यासारख्या रचनेची अशी पोकळ जाळी बांधली. सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये जपानमध्ये दाखवलं की, अशा जाळीत वायू भरता येतो, काढता येतो आणि जाळी कोसळत नाही. ओमर याघी यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्ल (पाण्याच्या पेट बाटल्या ज्यापासून बनतात तेच) यांपासून एमओएफ-५ बनवलं. त्याच्या एका ग्रॅमला आतून-बाहेरून मिळून सुमारे ३,००० चौरस मीटर पृष्ठभाग, म्हणजे आपल्या भाषेत चिमूटभर पावडरीत पाऊण एकर. या तिघांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बातम्यांत सगळ्यांनी हा पृष्ठभागाचा आकडा छापला, आणि फळांच्या कामात नेमका तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. शिवाय एमओएफ-५ दमट हवेत ठेवलं की मोडून जातं. हे बातम्यांत कुठे फारसं आलं नाही.

धातू बदलला, दांडी बदलली की नवा पदार्थ. असे हजारो पदार्थ आजवर नोंदले गेले आहेत. पुण्यातही या विषयावर चांगलं काम झालंय. याघींच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले राहुल बॅनर्जी बरीच वर्षं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) होते, आणि आयसर पुण्यात सुजित घोष यांचा गट आहे. तेव्हा विषय परका नाही. पण विक्रेत्याने नुसतं ‘एमओएफ’ म्हटलं तर त्यातून काहीच कळत नाही. कोणता धातू आणि कोणती दांडी, हे कळल्यावरच बोलणं सुरू होतं.

आता कारखान्याकडे वळू. कोविडच्या दिवसांत जिल्हा रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्लांट बसले, ते तुम्ही पाहिले असतील. त्या टाक्यांत झिओलाइट नावाचे खनिज दाणे असतात. दाबाखाली हवा सोडली की झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब काढला की धरलेला नायट्रोजन सुटतो आणि टाकी पुन्हा तयार. दोन टाक्या आळीपाळीने चालतात. वायू वेगळे करण्यासाठी एमओएफ वापरायचं तत्त्वही हेच. झिओलाइटचे साचे मोजके, एमओएफची भोकं मात्र कागदावर आखून बनवता येतात, हा फरक.

आखून बनवता येण्याचं महत्त्व जिथे सर्वांत जास्त, ते उदाहरण तुमच्या आंब्याशी जोडलेलंच आहे: इथिलीन आणि इथेन. नागोठण्याच्या गॅस क्रॅकरमध्ये इथेनसारख्या वायूंचे रेणू तोडून इथिलीन करतात, त्याचं पुढे पॉलिथीन होतं. आंबा पिकताना जो वायू सोडतो, तो रेणूही हाच, तसूभर वेगळा नाही. क्रॅकरमधून बाहेर पडताना इथिलीनमध्ये न तुटलेलं इथेन मिसळलेलं असतं आणि ते काढायलाच हवं, कारण पॉलिथीनसाठी इथिलीन ९९.९ टक्क्यांहून शुद्ध लागतं. दोघांचे उत्कलनबिंदू उणे १०४ आणि उणे ८९ अंश सेल्सिअस. रेणूंच्या आकारातला फरक ०.३ अँगस्ट्रॉमपेक्षाही कमी (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). म्हणून दाबाखाली, शून्याच्या बऱ्याच खाली, शंभराहून अधिक ट्रे असलेल्या उंच स्तंभात ते पुन्हापुन्हा उकळून-थंड करून वेगळे करतात. इथिलीन आणि प्रोपिलीन हे दोन वायू शुद्ध करण्यात जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी सुमारे ०.३ टक्के ऊर्जा जाते, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला होता. एका कामासाठी हा आकडा थोडा नाही.

इथे एमओएफवाल्यांनी तीन वेगवेगळ्या युक्त्या केल्या. पहिली अशी की, जाळीतल्या धातूची एक बाजू उघडी ठेवायची. इथिलीनमध्ये दुहेरी बंध असतो, त्यातले इलेक्ट्रॉन उघड्या लोखंडाच्या अणूला चिकटतात. इथेनकडे तसा बंध नाही, ते निसटतं. बर्कलीच्या गटाने २०१२ मध्ये लोखंडाच्या एमओएफ-७४ वर हे दाखवलं. रसायनाच्या दृष्टीने देखणं काम. पण अडचण अशी की, हवा असलेला माल टाकीत अडकतो आणि नको असलेला पुढे जातो. शुद्ध इथिलीन मिळवायला आधी टाकी धुऊन काढावी लागते आणि मग माल सोडवावा लागतो. म्हणून दुसरी युक्ती: त्याच लोखंडावर ऑक्सिजन बसवून कल उलटा करायचा. मग इथेन अडकतं आणि इथिलीन एका फेरीत शुद्ध बाहेर पडतं. हे २०१८ चं काम. पण तो पदार्थ ओलाव्याला इतका नाजूक की, हाताळायचा तो प्रयोगशाळेतल्या कोरड्या, बंद कपाटातच.

मला तिसरी युक्ती जास्त आवडते. कॅल्शियम आणि स्क्वेरिक आम्ल यांपासून पाण्यातच बनणारा यूटीएसए-२८० नावाचा पदार्थ, तोही २०१८ चा. त्याच्या नळ्यांची तोंडं इतकी नेमकी आणि ताठ आहेत की, इथिलीन आत शिरतं, इथेन शिरत नाही. चिकटण्याचा प्रश्नच नाही, निव्वळ मापाची चाळणी. धातू कॅल्शियम, विद्रावक पाणी. महागडं काही नाही. कारखान्याच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर पोहोचलेलं एमओएफ मात्र वेगळंच निघालं. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने जस्त, ट्रायअ‍ॅझोल आणि ऑक्झॅलेट यांपासून केलेलं कॅल्फ-२०. त्याचा पृष्ठभाग विक्रमी नाही, रचना साधी. पण धुराड्यातल्या ओल्या, आम्लयुक्त वायूंत ते टिकतं आणि मध्यम आर्द्रतेपर्यंत पाण्याला बाजूला ठेवून कार्बन डायऑक्साइड धरतं. ब्रिटिश कोलंबियातल्या रिचमंडच्या सिमेंट कारखान्यात रोज सुमारे १ टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या प्रकल्पात ते वापरलं गेलं, आणि बीएएसएफने ते टनांच्या हिशेबात बनवायला घेतलं. सौंदर्यस्पर्धेत मागे राहिलेलं एमओएफ कामाला लागलं, ते फक्त पाणी सहन करण्याच्या गुणावर. पाण्याचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पेटीत तोच आडवा येणार आहे.

कारखान्यात वायू कोरडा करून टाकीत सोडता येतो. दाब वाढवता येतो. वायूचं प्रमाण टक्क्यांत असतं. टाकी काही मिनिटांत भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. आंब्याच्या पेटीत यांतलं एकही नाही. हवा दमट, दाब वातावरणाचा, इथिलीन पीपीएममध्ये म्हणजे दहा लाखांत एक-दोन भाग, आणि पुडी एकदाच वापरायची.

हिशेब करू. चार डझनांची पेटी, फळ पाव किलोचं, म्हणजे १२ किलो आंबा. काढणीपश्चात शास्त्रात फळांचे इथिलीन सोडण्यावरून वर्ग पाडतात. आंबा, केळी आणि टोमॅटो मध्यम वर्गात, २० अंशांना दर किलोला दर तासाला १ ते १० मायक्रोलिटर. आपली पेटी म्हणजे तासाला १२ ते १२०, दिवसाला ०.३ ते २.९ मिलिलिटर.

आता माहितीपत्रक. चांगलं एमओएफ साध्या तापमानाला, एक बार (साधारण वातावरणाइतक्या) दाबाच्या शुद्ध इथिलीनमध्ये ठेवलं, तर ग्रॅममागे सुमारे ३ मिलिमोल घेतं असं धरू. म्हणजे ७२ मिलिलिटर. पाच ग्रॅमची पुडी ३६० मिलिलिटर घेईल. दिवसाला २.९ मिलिलिटर या वेगाने पेटी चार महिने सांभाळली जाईल! विक्रेत्याचा आलेख बहुधा हेच सांगतो. त्याची आडवी रेघ पाहा. तिथे ‘बार’ किंवा ‘केपीए’ लिहिलेलं असेल आणि आकडे १ किंवा १०० पर्यंत जात असतील. तुमच्या पेटीत इथिलीन १ पीपीएम, म्हणजे ०.०००००१ बार आहे. आलेखावर ही जागा शून्याला इतकी चिकटून आहे की, पेन्सिलीने दाखवताही येणार नाही.

वायू किती धरला जातो ते त्याच्या दाबावर ठरतं. सरळ प्रमाण धरलं, तर १ पीपीएमला पुडी ३६० मिलिलिटरचा दहा लाखावा भाग घेईल: ०.३६ मायक्रोलिटर. अर्थात हे अन्यायाचं गणित झालं. सुरुवातीला सर्वांत घट्ट जागा भरतात, त्यामुळे कमी दाबाला पदार्थ सरळ प्रमाणापेक्षा जास्त घेतो. उदार होऊन शंभरपट देऊ: ३६ मायक्रोलिटर. पेटी तासाला १२ ते १२० सोडते. पुडी वीस मिनिटांत भरते, फार तर तीन तासांत. हजारपट दिलं तरी फार तर सव्वा दिवस. आणि हे सगळं कोरड्या हवेचं.

आता त्यात पाणी घाला. १३ अंशांच्या शीतगृहात ९० टक्के आर्द्रता असली, तर वाफेचा दाब सुमारे १,३५० पास्कल होतो. १ पीपीएम इथिलीनचा दाब ०.१ पास्कल. एका इथिलीन रेणूमागे तेरा हजारांवर पाण्याचे रेणू रांगेत उभे. ज्या उघड्या धातूवर इथिलीन चिकटतं, त्यावर पाणी त्याहून घट्ट चिकटतं. तांब्याचं एचकेयूएसटी-१ हे या कामासाठी प्रयोगशाळांत फार वापरलं गेलेलं एमओएफ. दमट हवेत त्याची जाळीच हळूहळू खचते. पाण्याला जवळ न करणारी एमओएफही आहेत, उदाहरणार्थ झिफ-८. पण पाणी दूर ठेवणारी भिंत इथिलीनलाही सैलच धरते, उलट इथेनच तिला थोडं जास्त आवडतं. चांदीचे किंवा तांब्याचे विशिष्ट आयन बसवून ही पकड पक्की करता येते. शोधनिबंधांत तसं काम आहे आणि ते प्रामाणिक आहे. पण चांदीची पुडी आंब्याच्या पेटीत टाकायची, तर पेटीचा भाव वाढवावा लागेल.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा सुटते. आंबा एकदा पिकायला लागला, की इथिलीन स्वतःच आणखी इथिलीन तयार करवतं. ते आधी गरात साठतं, मग सालीतून बाहेर येतं. पेटीतली हवा पुसून काढली, तरी फळाच्या आतला वायू तिथेच असतो. म्हणून बाहेरचं इथिलीन काढणारी कोणतीही पुडी, मग ती कशाचीही असो, पाड लागण्याआधीच्या कडक फळावर थोडीफार उपयोगी. रंग बदलायला लागल्यावर नाही.

तुलनेला जुनी जांभळी पुडी घ्या. पोटॅशियम परमँगनेट, सच्छिद्र दाण्यांवर बसवलेलं. ते इथिलीन धरून ठेवत नाही, जाळून टाकतं. म्हणून दाब कितीही कमी असला तरी काम चालू राहतं. एका मोल इथिलीनला चार मोल परमँगनेट लागतं. पाच ग्रॅमच्या पुडीत ४ टक्के म्हणजे २०० मिलिग्रॅम असेल, तर आपल्या पेटीत ते जास्तीत जास्त वेगाला अडीच दिवस आणि कमीत कमी वेगाला पंचवीसेक दिवस पुरतं. रंग जांभळ्याचा तपकिरी झाला की संपलं, हे दिसतंही. शंभर वर्षांत कुठलं नोबेल तिच्या वाट्याला आलेलं नाही, पण या एका कामात ती नव्या पुडीला सहज मागे टाकते. फक्त पुडी फाटून दाणे फळाला लागू देऊ नका, डाग पडतात.

मग एमओएफचं फळांशी नातं काय? उत्तर १-एमसीपी, म्हणजे १-मिथाइलसायक्लोप्रोपीन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांना सापडलेला हा वायू फळाच्या पेशींतल्या इथिलीनच्या ग्राहींवर जाऊन बसतो, इथिलीनपेक्षा सुमारे दहापट घट्ट. मग बाहेर इथिलीन कितीही असो, फळाला त्याचा निरोप पोहोचत नाही. इथे हिशेब बघा कसा फिरतो. ३० लिटरच्या पेटीत १ पीपीएम १-एमसीपी हवं, तर लागतात ३० मायक्रोलिटर, वजनात सुमारे ०.०७ मिलिग्रॅम. इथिलीन रोज नव्याने तयार होतं, त्याच्या मागे रोज धावावं लागतं. १-एमसीपी एकदा दिलं की पुरे.

अडचण अशी की, १-एमसीपी साध्या तापमानाला वायू आहे आणि एकवटून ठेवलं तर आपापसांत जुळून खराब होतं, धोकादायकही ठरतं. त्याचे रेणू एकमेकांपासून वेगळे ठेवणारी भांडी हवीत. सफरचंदांसाठी २००२ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफ्रेशमध्ये हे काम अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन करतं, स्टार्चपासून बनणारा कड्यासारखा रेणू, ३.३ टक्के वायू असलेली पावडर, पाण्यात टाकली की वायू सुटतो. हीच जागा एमओएफ घेऊ शकतं. भोकात १-एमसीपी भरा, कोरडं बंद ठेवा, पेटीत ओलावा लागला की पाणी आत शिरून वायूला बाहेर ढकलतं. ज्या पाण्याने इथिलीनच्या कामात घात केला, तेच इथे कळ दाबतं.

हे कागदावर राहिलं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून निघालेली एमओएफ टेक्नॉलॉजीज आणि फळांवरच्या प्रक्रियांची डेको ही कंपनी यांनी २०१६ मध्ये ट्रूपिक नावाने १-एमसीपी सोडणारं एमओएफ बाजारात आणलं. डेको ही यूपीएल समूहातली. वापीला १९६९ मध्ये सुरू झालेली आणि मुंबईतून चालणारी आपल्या ओळखीची यूपीएल. पुढे या तंत्राची मालकी आणि व्यापारी गुपितं यांवरून स्मार्टफ्रेशवाल्या अ‍ॅग्रोफ्रेशने डेलावेअरच्या केंद्रीय न्यायालयात खटला लढवला आणि २०१९ मध्ये ज्युरीने अ‍ॅग्रोफ्रेशच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ते अडखळलं ते कोर्टात; पदार्थ नीट चालला नाही म्हणून नाही. त्याच २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नुमॅट कंपनीने चिप बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आर्सिन, फॉस्फिन यांसारखे विषारी वायू एमओएफमध्ये भरून, वातावरणापेक्षा कमी दाबाची सिलिंडरं विकायला काढली. एमओएफच्या अगदी पहिल्या दोन व्यापारी वस्तू या, आणि दोन्हींत एमओएफ वायूचं भांडं आहे, गाळणी नाही. वायू वेगळे करण्याचं मोठं काम त्यानंतर, कॅल्फ-२० बरोबर आलं. मला हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. भांडं एकदाच भरायचं असतं, तेही कारखान्यात, कोरड्या जागी.

आता तुमच्या हापूसचं. १-एमसीपी मिळालं तरी आंबा हे सफरचंद नव्हे. सफरचंद कडक राहिलं की गिऱ्हाईक खूश. हापूसचे पैसे रंगाला आणि वासाला मिळतात. १-एमसीपी पिकणं लांबवतं तसं वासाचे घटकही दाबतं, आणि मात्रा जास्त झाली किंवा फळ कोवळं असलं, तर पिकणं एकसारखं होत नाही. केळ्यांत हे जास्त दिसतं: सालीवर हिरवे-पिवळे पट्टे. म्हणून चौदा आणे तयार, देठासह काढलेलं फळ, तेही तोडणीनंतर लवकर, एवढ्यावरच त्याचा विचार करावा. पेटीत बारा, चौदा आणि पंधरा आण्यांची फळं मिसळलेली असतील, तर कोणतंही रसायन ती एका दिवशी पिकवणार नाही. आणि साका, करपा, देठकूज या तिन्हींवर इथिलीन अडवून काही होत नाही. साका, म्हणजे गरातला खराब भाग, झाडावरच तयार झालेला असतो. करपा आणि देठकूज बुरशीची, त्यांच्यासाठी ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याची प्रक्रियाच बरी. माझा अंदाज असा की, तुमच्या पेट्यांत जो माल फुकट जातो, त्यात लवकर पिकण्यापेक्षा या तिघांचा वाटा मोठा असेल. परत आलेल्या पेट्या कापून बघा, मग ठरवा.

द्राक्षांचाही उल्लेख तुमच्या प्रश्नात होता, तो दोन वाक्यांत निपटतो. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, इथिलीनचा त्याला फारसा संबंध नाही. तिथे शत्रू करडी बुरशी आणि देठ सुकणं, आणि त्यावर गंधकाचा धूर सोडणारे ग्रेप गार्डचे कागद आणि शून्याजवळचं तापमान हेच काम करतात.

उलट बाजूला, म्हणजे पिकवण्याच्या कामाला, एमओएफ कदाचित आधी पोहोचेल. तांबे आणि टेरेफ्थॅलिक आम्लाच्या जाळीत इथिलीन भरून केळी आणि अ‍ॅव्होकॅडो पिकवल्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत. आपल्याकडे कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. त्यातून सुटणारा अ‍ॅसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, पण सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या विषारी संयुगांचे अंशही येतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिलेली आहे. इथेफॉन हे इथिलीन सोडणारं रसायन मात्र वायू तयार करण्यापुरतंच, त्यात फळ बुडवायचं नाही. रायपनिंग चेंबर परवडत नाही अशा छोट्या व्यापाऱ्याला मोजून इथिलीन सोडणारी, न गळणारी कोरडी पुडी हवीच आहे. तिथे एमओएफने जागा मिळवली तर मला नवल वाटणार नाही. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम किंवा लोखंड हवं, एवढंच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन आणि पोटॅशियमच्या क्षारांपासून, खाण्याच्या प्रतीचे घटक वापरून २०१० मध्ये एमओएफ बनवलेलं आहेच.

विक्रेत्याला आता काय विचाराल? धातू कोणता, दांडी कोणती. अन्नाशेजारी ठेवायला मान्यता आहे का. आणि १ पीपीएम इथिलीन, ९० टक्के आर्द्रता, १३ अंश या परिस्थितीत ग्रॅममागे किती मायक्रोलिटर धरलं जातं, याचा आकडा. एक बारचा आलेख परत करा. तो म्हणाला की पुडीत ‘थोडं सहायक द्रव्य’ही आहे, तर कान टवकारा. पुडी फोडून पाहा: आत जांभळे दाणे दिसले, तर तुम्ही एमओएफच्या भावात परमँगनेट घेताय. १-एमसीपी असेल, तर तो वनस्पतिवाढ नियंत्रक आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा नोंदणी क्रमांक मागा, आणि निर्यातीचा माल असेल तर आयातदार देशाची परवानगीही.

एवढं करूनही संचालकांचं मन होत असेल, तर चाचणी घ्या, पण नीट घ्या. एकाच बागेतलं, एकाच दिवशी नूतन झेल्याने (देठासह फळ काढायच्या अवजाराने) काढलेलं, चौदा आणे तयार फळ. चार गट: नुसत्या पेट्या, परमँगनेटच्या, विक्रेत्याच्या पुडीच्या, आणि तेवढ्याच वजनाची कोरडी वाळू तशाच पुडीत भरून ठेवलेल्या. गट वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, कारण पुडीतून न सांगितलेलं १-एमसीपी सुटत असेल, तर शेजारची पेटीही उशिरा पिकेल आणि तुम्हाला फरकच दिसणार नाही. कोणती पुडी कुठे, हे पेट्या तपासणाऱ्याला माहीत नसू द्या. रोज वजन, निम्मी फळं पिवळी व्हायला लागलेले दिवस, पिकल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (गोडीचं माप), आणि शेवटी प्रत्येक फळ कापून साका आणि देठकूज. फेब्रुवारीतलं पहिल्या तोडणीचं फळ यासाठी घालवू नका, त्याला भाव असतो. एप्रिलच्या मध्यावर, माल भरपूर आणि भाव उतरलेला असताना, प्रत्येक गटाला चार-चार पेट्या पुरतील. पुड्या विक्रेत्याकडून नमुना म्हणून फुकट मागा.